हुलीचा हिशेब

मे २००३. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा शेवटच्या दोघांवर येऊन ठेपली होती. दहा हजार डॉलर प्रवेशशुल्क असलेल्या या स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. उरलेल्या दोघांपैकी सॅम फर्हा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला एक हिशेबनीस. शंभर डॉलरपेक्षाही कमी शुल्काची ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून तो इथवर आला होता.

मनीमेकरच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फर्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर पहिली तीन पानं उघडली: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. दोघांनीही चेक केलं, म्हणजे पैज न लावता पाळी पुढे दिली. चौथं पान आलं इस्पिक अठ्ठी. फर्हाने तीन लाखांच्या चिप्स पुढे सारल्या, मनीमेकरने पैज आठ लाखांवर नेली, फर्हाने तेवढीच रक्कम लावून कॉल केलं. पाचवं पान बदाम तिर्री, दोघांच्याही काही उपयोगाचं नाही. आता फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती आणि मनीमेकरकडे नुसता राजा. फर्हाने चेक केलं आणि मनीमेकरने समोरच्या सगळ्या चिप्स लावल्या. फर्हा बराच वेळ विचारात पडला. तुझा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) हुकला असावा, असं त्याने बोलूनही दाखवलं. अंदाज अचूक होता. तरीही त्याने फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले. थोड्याच वेळात मनीमेकर स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला.

हा डाव जगाने टीव्हीवर पाहिला तो टेबलात बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे. त्यांतून प्रेक्षकांना दोघांचेही झाकलेले पत्ते दिसत होते. या कॅमेऱ्याचं पेटंट हेन्री ओरेनस्टीन यांचं. नाझी छळछावण्यांतून वाचलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत खेळणी घडवून नावारूपाला आले. त्यांनी पोकरवर केवढा उपकार केला, हे सहज लक्षात येत नाही. समोरच्याने फोल्ड केलं की जिंकणाऱ्याला पत्ते दाखवावे लागत नाहीत, ते तसेच गड्डीत परत जातात. म्हणजे यशस्वी हूल, अर्थात ब्लफ, पूर्वी कोणाला दिसतच नसे, दिसायच्या त्या फक्त पकडल्या गेलेल्या. ब्लफबद्दलची पिढीजात माहिती ही अशी फसलेल्यांच्या आठवणींतून आणि जिंकलेल्यांच्या बढायांतून गोळा झालेली होती. मनीमेकरनंतर चित्र पालटलं. पुढच्या वर्षी याच स्पर्धेत २,५७६ जण आले आणि २००६ मध्ये ८,७७३.

आलेल्यांपैकी बहुतेकांनी त्या डावातून छातीचा धडा घेतला: काळा चष्मा लावा, चेहरा दगडासारखा ठेवा, सगळं पुढे ढकला. हे पुस्तक मी लिहिलं ते हा समज खोडून काढण्यासाठी. ब्लफ हा प्रमाणाचा प्रश्न आहे. किती वेळा, कोणत्या पत्त्यांवर, कोणासमोर आणि काय किमतीला, या चार गोष्टी ठरल्या की निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. चेहऱ्याचा नंबर त्यानंतर लागतो, आणि पुष्कळदा लागतच नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सस होल्डएम या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात आणि मध्यभागी सर्वांसाठी पाच पानं उघडली जातात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटी एक, ती रिव्हर. पत्ते वाटल्यावर एकदा आणि या तीन टप्प्यांनंतर एकेकदा, अशा पैजांच्या चार फेऱ्या होतात. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, जिंकायचे मार्ग दोन. शेवटी सर्वांत चांगली पाच पानं दाखवायची, किंवा बाकीच्या सगळ्यांना त्याआधीच फोल्ड करायला लावायचं. दुसऱ्या मार्गात पत्त्यांची तपासणी होत नाही. हूल जन्मते ती तिथे.

ती वारंवार का चालते, याचं कारण साधं आहे. हातात जोडी नसलेली दोन पानं असतील, तर फ्लॉपवर त्यांच्यापैकी एकाचीही जोडी लागत नाही असं तीनपैकी सुमारे दोन वेळा घडतं. तीन पत्तीतही तेच आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात, आणि त्यांतल्या १६,४४० संचांत साधी जोडी किंवा तिच्याहून वरचं काहीच नसतं. टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडे बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि प्रत्येकाला वाटत असतं की समोरच्याकडे काहीतरी आहे.

दिवाळीत घराघरांत तीन पत्तीचे डाव रंगतात, त्यामुळे ब्लाइंड, चाल, पॅक, शो हे शब्द मराठी वाचकाला शिकवायला नकोत. पण तीन पत्तीवरून पोकरकडे येणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवावा. तीन पत्तीत पानं एकदा वाटली की नवी माहिती येत नाही, फक्त चाल वाढत जाते. तिथली हूल दम आणि खिसा यांच्या जोरावर चालते. होल्डएममध्ये दर टप्प्याला नवं पान उघडतं, आणि तुमच्या प्रत्येक पैजेला त्या पानाशी मेळ घालावा लागतो. फ्लॉपवर गप्प बसलेला माणूस रिव्हरला एकाएकी गर्जू लागला, तर ऐकणारा विचारतो: मग मघाशी काय झालं होतं? जाणत्या खेळाडूला हूल पकडायला चेहरा वाचावा लागत नाही. त्याला डावातली विसंगती दिसते.

आणि ही हूल म्हणजे खोटं बोलणंही नव्हे. लहानपणी आपण चॅलेंज खेळायचो, त्यात पानं उलटी टाकून ‘तीन राण्या’ असं तोंडाने सांगायचं असे. ते उघड खोटं. पोकरमध्ये कोणी काही सांगत नाही. एक जण रक्कम पुढे ठेवतो, एवढंच. तिचा अर्थ समोरचा लावतो, आणि दोघांनीही हे मान्य करूनच बैठक मांडलेली असते. पोकरच्या हुलीवर लबाडीचा शिक्का मारणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये ओस्कार मॉर्गेनस्टर्न यांच्यासह त्याच विषयावरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात पोकरसाठी स्वतंत्र विभाग आहे. खेळ अगदी सोपा करून घेतला, तरी त्याच्या उत्तम खेळीत ब्लफ आपोआप येतो, हे तिथे सिद्ध केलेलं आहे. एक बाजू पैज लावते किंवा चेक करते, दुसरी कॉल करते किंवा फोल्ड करते, एवढाच खेळ समजा. पैज पॉटएवढी असेल तर गणिताचं उत्तर असं येतं: आपल्याला येऊ शकणाऱ्या हातांचे दर्जानुसार नऊ समान भाग करा. वरच्या दोन भागांवर पैज लावा. मधल्या सहा भागांवर चेक करा. आणि सर्वांत खालच्या एका भागावर पुन्हा पैज लावा.

हूल बऱ्यापैकी हातावर द्यायची नसते, सर्वांत टाकाऊ हातावर द्यायची असते, हा या उत्तरातला सर्वांत उपयुक्त भाग. नवशिक्या नेमकं उलटं करतो. मधली जोडी असली की त्याला धीर येतो आणि तो मोठी पैज लावतो. परिणाम असा की त्याच्याहून वाईट पत्तेवाले सोडून जातात आणि चांगले पत्तेवाले कॉल करतात. म्हणजे पैज जिंकूनही त्याने काही कमावलेलं नसतं, आणि हरली तर सगळंच जातं. मधल्या हाताला पत्ते उघडे होईपर्यंत टिकून राहण्यात थोडी किंमत असते, ती त्याने स्वतःच घालवलेली असते. टाकाऊ हाताला अशी काही किंमत नसते. समोरच्याने सोडून दिलं तर सगळाच नफा. मनीमेकरचा नुसता राजा या दृष्टीने योग्य हात होता. आणि फर्हाची नव्व्यांची जोडी म्हणजे हूल ज्यांना हलवण्यासाठी दिली जाते त्या मधल्या हातांचा नमुना.

हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये यापेक्षाही छोटा खेळ मांडला. फक्त तीन पत्ते: राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन. प्रत्येकी एक चिप आधी मध्ये टाकायची, प्रत्येकाला एक पान, आणि पैज फक्त एका चिपची. मोठं पान जिंकतं. पहिल्या खेळाडूने चेक केलं आणि तुम्ही दुसरे आहात. हातात राजा असेल तर पैज लावायचीच. राणी असेल तर चेक. गुलाम असेल तर? कधीच पैज लावली नाही, तर तुमच्या पैजेचा अर्थ ‘राजा’ असाच होईल आणि राणीवाला निमूटपणे सोडून देईल. तुमच्या राजाला जास्तीची चिप कधीच मिळणार नाही. दर वेळी लावली, तर राणीवाला दर वेळी कॉल करील आणि गुलामावर तुमची जास्तीची चिप जाईल. उत्तर येतं: तीनपैकी एकदा.

हे ‘तीनपैकी एकदा’ कुठून आलं ते पाहा. राणीवाल्याच्या नजरेतून तुमच्याकडे राजा असण्याची आणि गुलाम असण्याची शक्यता सारखीच. राजावर तुम्ही दर वेळी पैज लावता, गुलामावर तीनपैकी एकदा. म्हणजे तुमच्या दर चार पैजांत तीन खऱ्या, एक हूल. त्याला कॉल करायला एक चिप लागते आणि जिंकला तर मधल्या तीन चिप्स मिळतात. तीनदा एक-एक हरला, एकदा तीन जिंकला. हिशेब शून्यावर आला. त्याने कॉल केलं काय नि सोडलं काय, त्याला फरक पडत नाही. कधीच हूल न देण्यापेक्षा तुमचा फायदा मात्र दोन्ही वाटांनी होतो: तो सोडतो तेव्हा हूल चालते, आणि कॉल करतो तेव्हा बहुतेक वेळा तुमच्या राजाला पैसे देतो. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी हुलीचे दोन हेतू सांगितले होते: हात कमकुवत असताना बलवान भासवणं, आणि हात बलवान असताना कमकुवत असल्याचा संशय पेरणं. माझ्या मते दुसरा हेतू अधिक मोलाचा आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पकडली गेलेली हूलसुद्धा वाया जात नाही. पुढच्या वेळी तुमचा एक्का हातात असताना कॉल मिळतो तो तिच्याच जोरावर.

पैजेच्या आकाराबरोबर हे प्रमाण बदलतं. रिव्हरला पॉटच्या निम्मी पैज लावत असाल तर तीन खऱ्या पैजांमागे एक हूल पेलते. पॉटएवढी लावत असाल तर दोनामागे एक. एकेका हुलीचा जमाखर्चही असाच काढता येतो: पॉटएवढ्या पैजेची हूल निम्म्या वेळा चालली तरी तोटा नाही, निम्म्या पॉटची तीनपैकी एकदा चालली तरी पुरे. ही दोन-तीन प्रमाणं पाठ असणारा लाजाळू माणूस आकडे न मोजणाऱ्या धीट माणसाला वर्षाअखेरीस मागे टाकतो, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. ‘तीनपैकी एकदा’ खरोखर अंदाधुंद यावं म्हणून काही खेळाडू घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर टाकतात. माणसाचं मन स्वतःहून अंदाधुंद वागू शकत नाही. ते लहरीप्रमाणे वागतं, आणि लहर ओळखू येते.

रिव्हरच्या आधीची हूल वेगळी असते, कारण अजून पानं यायची असतात. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी अशा खेळीला सेमी-ब्लफ हे नाव रूढ केलं. आत्ता हात कच्चा आहे, पण पुढचं पान त्याला पक्का करू शकतं. मनीमेकरची टर्नवरची आठ लाखांची पैज हे त्याचं उत्तम उदाहरण. त्याच्या जागी बसून मोजा. न दिसलेली पानं ४६. त्यांत फ्लश पूर्ण करणारी नऊ इस्पिकं. छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वीला जोडणारी पंजी किंवा दश्शी आली तर स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं. त्यांतली इस्पिकं आधीच मोजली, उरली सहा. एकूण पंधरा पानं, म्हणजे जवळजवळ तीनपैकी एक अशी संधी. फर्हाने सोडलं तर पॉट लगेच त्याचा, नाही सोडलं तरी पंधरा पानं मदतीला उभी. शिवाय टेबलावर तीन इस्पिकं होती आणि इस्पिक राजा त्याच्याच हातात. म्हणजे फर्हाकडे राजाचा फ्लश असणं शक्यच नव्हतं. समोरच्याच्या भक्कम हातांची वाट अडवणारं असं पान आपल्याकडे असणं हा हूल देण्यासाठी मोठा आधार असतो. त्याच्या खेळात छाती होती, हे मी नाकारत नाही. पण त्या छातीच्या मागे पंधरा पानं आणि एक इस्पिक राजा उभा होता.

जॅक स्ट्रॉस या टेक्ससच्या उंच्यापुऱ्या खेळाडूचा एक किस्सा पोकरच्या दुनियेत सांगितला जातो. होल्डएममधला सर्वांत भिकार हात, सत्ती-दुर्री, घेऊन त्याने पैज वाढवली. फ्लॉप आला सत्ती आणि दोन तिर्र्या. त्याने पैज लावली, समोरच्याने ती वाढवली, तेव्हा स्ट्रॉसला कळलं की त्याच्याकडे मोठी जोडी आहे. तरी त्याने कॉल केलं. टर्नला दुर्री पडली आणि स्ट्रॉसने मोठी रक्कम लावली. समोरचा अडखळला. स्ट्रॉस म्हणाला, पंचवीस डॉलरची एक चिप दे, माझ्या दोन पानांपैकी तू निवडशील ते दाखवतो. त्याने एक पान निवडलं, निघाली दुर्री. तो विचार करू लागला: कोणतंही पान दाखवायला हा तयार आहे, म्हणजे दोन्ही सारखीच असणार. दोन दुर्र्या, म्हणजे टेबलावरच्या पानांसह फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी). त्याने मोठी जोडी टाकून दिली. या किश्शात स्ट्रॉसची थाप मला महत्त्वाची वाटत नाही. विचार करणारा माणूस समोर आहे हे त्याने आधी ओळखलं, आणि त्याला विचार करायला सामग्री पुरवली. पत्त्यांकडे पाहून दर वेळी कॉल करणारा गडी असता तर पंचवीस डॉलरचं नाटक फुकट गेलं असतं. हूल द्यायची ती सोडून देऊ शकणाऱ्यालाच, आणि शक्यतो एकट्याला. प्रत्येक जण निम्म्या वेळा सोडतो असं धरलं, तर दोघांसमोर तुमची हूल चारातून एकदा चालेल आणि तिघांसमोर आठातून एकदा.

चेहऱ्याचा मुद्दा निकालात काढणारी घटना जानेवारी २०१७ ची. पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी घडवलेला लिब्राटस हा संगणक प्रोग्रॅम चार अव्वल व्यावसायिकांशी वीस दिवस खेळला. एकास एक असे १,२०,००० डाव झाले आणि लिब्राटस १७ लाखांहून अधिक चिप्सनी जिंकला. त्याला ना चेहरा होता, ना समोरच्याचा चेहरा दिसत होता. माणसांनी खेळलेल्या डावांवरून तो शिकलेलाही नव्हता. स्वतःशीच अब्जावधी डाव खेळून तो तयार झाला होता. तरी तो ब्लफ देत होता, आणि कधी कधी पॉटच्या कितीतरी पट पैज लावून देत होता. भीती, हाव, राग यांचा लवलेश नसलेल्या यंत्रालाही हूल द्यावीशी वाटते, कारण तिच्याविना हिशेब पूर्ण होत नाही.

माणसामाणसांच्या खेळात मात्र हिशेब हा पाया आणि निरीक्षण हे त्यावरचं बांधकाम. समोरचा प्रमाणापेक्षा जास्त सोडतो असं दिसलं, तर हुली वाढवा. तो कशालाच सोडत नसेल, तर एकही देऊ नका, चांगल्या पत्त्यांवर शांतपणे पैसे घ्या. नुकताच मोठा डाव हरून चिडलेल्याला हूल देणं हा शुद्ध अपव्यय आहे, कारण तो त्या घटकेला सोडणार नसतो. या गोष्टींना पुस्तकात निम्म्याहून अधिक पानं दिली आहेत.

पैशांविषयी स्पष्ट बोलणं माझं कर्तव्य आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. गोव्यात मांडवीवरच्या तरंगत्या कॅसिनोंमध्ये पोकरची टेबलं लागतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. कायद्याच्या पलीकडचं एक साधं गणितही आहे: रोख खेळात कॅसिनो बहुतेक पॉटमधून आपला हिस्सा कापून घेतो, त्यामुळे बरोबरीच्या कुवतीची माणसं एकमेकांशी खेळत राहिली तर शेवटी सगळेच थोडे थोडे हरतात. कमाईचा मार्ग शोधत ज्यांनी हे पुस्तक उघडलं असेल त्यांनी ते मिटून ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरखर्चाचा, फीचा, कर्जाच्या हप्त्याचा पैसा टेबलावर आला की माणसाचा हिशेब बिघडतो, आणि हे पुस्तक तर सगळं हिशेबावर उभं आहे.

हा विषय शिकायला चिंचोके पुरतात. फक्त ते मोजून घ्या आणि हरणाऱ्याला काहीतरी द्यावं लागेल असं ठरवा, मग ते रात्रीची भांडी घासणं का असेना. गमावण्यासारखं काहीच नसेल तर कोणी फोल्ड करत नाही, आणि कोणी फोल्ड करत नसेल तर हूल शिकता येत नाही. पहिलं प्रकरण वाचण्याआधी गड्डीतून एक राजा, एक राणी आणि एक गुलाम काढा, घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि कूनचा खेळ शंभर डाव खेळा. गुलामावर तुम्ही किती वेळा पैज लावली, ते कागदावर लिहून ठेवा. तो कागद पहिल्या प्रकरणात लागणार आहे.